अवजड आणि अवाढव्य माल रस्त्याने नेताना: वजन, गुरुत्वमध्य आणि वाट

ट्रान्सफॉर्मर, रिॲक्टर, बॉयलरचा ड्रम, पुलाचा गर्डर, पवनचक्कीचं पातं. अशा मालाचे दोन तुकडे करून दोन खेपांत नेता येत नाही, म्हणूनच त्याला ओडीसी (ओव्हर डायमेन्शनल कार्गो, म्हणजे ठरलेल्या मापांपेक्षा मोठा माल) म्हणून वेगळी परवानगी द्यावी लागते. पण जे सुटं करता येतं ते आधी सुटं करायचंच: ट्रान्सफॉर्मरचे बुशिंग, रेडिएटर आणि कन्झर्व्हेटर, व्हेसलच्या (कारखान्यातल्या मोठ्या बंद टाकीच्या) बाहेर आलेल्या शिड्या आणि प्लॅटफॉर्म, एक्सकॅव्हेटरची बकेट आणि काउंटरवेट. उंची वीस सेंटिमीटरने उतरली तर वाटेतल्या कितीतरी तारा अडचणींच्या यादीतून गळतात.

या कामात जे बिघडतं त्याचं मूळ बहुतेक वेळा गाडी हलण्याआधीच्या तीन आकड्यांत असतं: मालाचं खरं वजन, गुरुत्वमध्याची (सगळं वजन ज्या बिंदूवर एकवटलंय असं धरता येतं त्याची) जागा आणि वाटेतली प्रत्यक्ष मापं. हे तीन आकडे कुणीतरी सांगितले म्हणून धरायचे नाहीत, स्वतः काढायचे. पुढचं सगळं, म्हणजे ॲक्सल किती, साखळ्या किती, पुलर (ट्रेलर ओढणारी गाडी) किती, यांच्यावरूनच ठरतं.

खरं वजन कसं काढायचं

ड्रॉइंगवरचं वजन बहुधा निव्वळ यंत्राचं असतं. वाहतुकीचं वजन वेगळं. त्यात सॅडल (खालची बैठक), उचलण्याचे लग (कडे अडकवायचे कान), पॅकिंगची फ्रेम, आत राहिलेलं तेल किंवा पाणी हे सगळं धरावं लागतं. हायड्रोटेस्ट (पाणी भरून दाबाची चाचणी) झालेल्या व्हेसलच्या तळाशी पाणी राहून जातं. हे पाणी केवळ वजन वाढवत नाही, चढ-उतारावर पुढे-मागे धावतं आणि गुरुत्वमध्य हलवतं. म्हणून लोडिंगआधी खालचा ड्रेन उघडून पाहणं हे पहिलं काम. क्रॉलर मशीन असेल तर ट्रॅकमधला चिखल आधी धुवून काढा. तो वजनात भर घालतोच, शिवाय ट्रॅक आणि ट्रेलरचा पाट (माल ठेवायचा सपाट भाग) यांच्यामध्ये वंगणासारखा काम करतो.

वजन करायला क्रेनच्या हुकाला लोडसेल (वजन दाखवणारं साधन) लावता येतो. तो नसेल तर चार हायड्रॉलिक जॅक पुरतात. जॅकच्या पिस्टनचं क्षेत्रफळ आणि गेजवरचा दाब यांचा गुणाकार म्हणजे त्या जॅकवरचं वजन. पिस्टन १०० चौरस सेंटिमीटरचा आणि गेजवर ३०० बार असेल, तर त्या जॅकवर साधारण ३०.६ टन आहेत. एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. चार जॅक स्वतंत्र ठेवले तर एखादा किंचित वर राहतो, जास्त भार ओढून घेतो आणि वाचन फसवं येतं. म्हणून एका टोकाचे दोन जॅक एकाच नळीने जोडून त्यांचा दाब समान होऊ द्या. मग माल तीन पायांच्या तिवईसारखा बसतो आणि आकडे खरे येतात. गेज तपासलेलं हवं आणि वाचन माल वर जाताना एकदा, खाली येताना एकदा घ्यायला हवं, कारण पिस्टनच्या सीलचं घर्षण दोन्ही वेळी उलट दिशेने काम करतं. दोन्हींची सरासरी धरा.

याच वाचनातून गुरुत्वमध्यही मिळतो. समजा पुढच्या दोन जॅकवर मिळून ६८ टन आले, मागच्या दोनवर ५२. एकूण १२० टन. पुढच्या आणि मागच्या जॅकमधलं अंतर ६ मीटर. ६८ ला ६ ने गुणून १२० ने भागलं की ३.४ येतात. म्हणजे गुरुत्वमध्य मागच्या जॅकपासून ३.४ मीटरवर, भूमितीय मध्यापासून ४० सेंटिमीटर पुढे. ट्रान्सफॉर्मरमध्ये टॅप चेंजर एका टोकाला असतो, व्हेसलमध्ये एका टोकाची प्लेट जाड असते. मध्य आणि गुरुत्वमध्य एकाच ठिकाणी येणं हा योगायोगच. मिळालेली जागा मालाच्या दोन्ही बाजूंना आणि पुढच्या तोंडावर रंगाने ठळक आखून ठेवा. क्रेनवाला, ट्रेलरवाला आणि साखळ्या बांधणारे या तिघांना तीच एक खूण दिसली पाहिजे.

ट्रेलर निवडताना

चाळीस-पन्नास टनांपर्यंतचा, फार लांब नसलेला माल लोबेडवर (जमिनीलगत पाट असलेल्या ट्रेलरवर) जातो. त्यापुढे हायड्रॉलिक ॲक्सल लागतात. या मॉड्यूलर ट्रेलरमध्ये ॲक्सल लाइन साधारण दर दीड मीटरला येते, प्रत्येक लाइनवर डावी-उजवीकडे मिळून आठ टायर असतात आणि प्रत्येक बाजूच्या जोडाला स्वतःचा सिलिंडर असतो. सिलिंडरची एकूण धाव साधारण ६०० मिलिमीटर. चालताना ती मधोमध ठेवायची, म्हणजे वर-खाली ३०० मिलिमीटर हाताशी राहतात.

वरच्या १२० टनांच्या मालासाठी दहा लाइन घेतल्या असं धरू. एका लाइनचं स्वतःचं वजन ३.८ टन धरलं तर ट्रेलर ३८ टन, भार पसरवणारे बीम आणि स्लीपर (जाड लाकडी ओंडके) २ टन, एकूण १६० टन. प्रत्येक लाइनवर १६ टन, प्रत्येक टायरवर २ टन. हे माल अगदी मध्यावर बसला तर. आता माल अर्धा मीटर मागे ठेवला गेला असं समजा. पुढच्या पाच लाइनचा एक गट आणि मागच्या पाचचा दुसरा, दोन गटांच्या मध्यांतलं अंतर ७.५ मीटर. १२० गुणिले ०.५ भागिले ७.५ म्हणजे ८ टन पुढून मागे सरकले. पुढच्या प्रत्येक लाइनवर १४.४ आणि मागच्या प्रत्येक लाइनवर १७.६ टन. परवानगी १६ टनांवर काढलेली असेल तर ती तिथेच मोडली, आणि पुलाचं गणितही चुकलं. अर्धा मीटर हा डोळ्यांना सहज चुकणारा फरक आहे. म्हणूनच रंगाची खूण ट्रेलरवरच्या खुणेशी टेपने जुळवायची, नजरेने नाही.

तीन गट की चार गट

हायड्रॉलिक ट्रेलरवर माल किती स्थिर आहे हे ट्रेलरच्या तीन मीटर रुंदीवर ठरत नाही. सिलिंडरचे गट कसे जोडलेत त्यावर ठरतं. एका गटातल्या सगळ्या सिलिंडरचं तेल एकमेकांत फिरतं, म्हणून तो पूर्ण गट एका बिंदूसारखा वागतो.

तीन गट केले की आधार त्रिकोणाचा होतो. खडबडीत रस्त्यावर फ्रेमला पीळ बसत नाही, दाब आपोआप वाटला जातो. पण त्रिकोण टोकाकडे निमुळता होत जातो. डाव्या-उजव्या सिलिंडरमधलं अंतर १.८ मीटर आणि गुरुत्वमध्य त्रिकोणाच्या टोकापासून मागच्या बाजूपर्यंतच्या अंतरात बरोबर मध्यावर असेल, तर कडेची रेषा तिथे फक्त ४५ सेंटिमीटरवर असते. गुरुत्वमध्य ३ मीटर उंचावर असेल तर माल उलटायला ८.५ अंश पुरतात. उंची ४ मीटर झाली की ६.४ अंशच उरतात. आता रस्त्याचा ३ टक्के आडवा उतार म्हणजे १.७ अंश झाले. वारा, वळण, टायर दबणं, तेलाचं हेलकावणं हे सगळं उरलेल्यातून जातं. म्हणून ७ अंशांच्या खाली आलात की मांडणी बदला: शेजारी दुसरा ट्रेलर जोडून रुंदी वाढवा, नाहीतर चार गट करा.

चार गटांत तीच कडेची रेषा ९० सेंटिमीटरवर जाते आणि ३ मीटर उंचीला १६.७ अंश मिळतात. मोबदल्यात चारही गेजवर सतत लक्ष ठेवावं लागतं. चार पायांचं टेबल एका पायावर हलकं होतं तसं इथेही होतं: एक कोपरा सखल जागी गेला की तिथला दाब पडतो आणि शेजारच्या दोन कोपऱ्यांवर भार चढतो. फ्रेमला पीळ बसतो. अशा वेळी थांबून तेल भरून किंवा सोडून दाब पुन्हा सारखे करायचे.

गट ठरले की प्रत्येक कॉकची (तेलाची वाट उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या तोटीची) स्थिती कागदावर काढा आणि उघडा-बंद अशी पट्टी कॉकलाच बांधा. एक कॉक चुकून उघडा राहिला तर दोन गट एक होतात. चारचे तीन होतात, आणि डावी-उजवी बाजू जोडली गेली तर माल सरळ त्या बाजूला कलंडू लागतो. लोडिंगनंतर दोन माणसांनी वेगवेगळं जाऊन प्रत्येक कॉक हाताने तपासायचा. एकाने तपासून दुसऱ्याला सांगणं पुरेसं नाही.

वाटेची पाहणी

पाहणी जायच्याच दिशेने करायची. उलट बाजूने येताना मोजलेली वळणं, चढ आणि झाडांच्या फांद्या वेगळ्याच दिसतात. सोबत लागतं ते एवढं: इन्सुलेटेड मापनकाठी, लेसर मीटर, लांब टेप, डिजिटल लेव्हल, कॅमेरा आणि ओडोमीटर शून्यावर आणलेली गाडी. प्रत्येक अडथळ्याची नोंद किलोमीटरच्या आकड्यासह व्हायला हवी, म्हणजे रात्री वॉकीटॉकीवर "पुढे कुठेतरी तार आहे" असं न म्हणता "१४.३ ला तार आहे" असं म्हणता येतं.

उंची. तारेची उंची भर दुपारी घ्या. ऊन आणि विजेचा भार वाढला की तार तापून लांबते आणि खाली झोळते. सकाळी सुटणारी तार दुपारी अडकू शकते. विजेच्या तारेला स्पर्श होण्याची गरज नसते, जवळ गेलं तरी ठिणगी उडी मारते. त्यामुळे किती अंतर ठेवायचं ते त्या लाइनच्या मालकाकडून लेखी घ्यायचं. तार उचलणं किंवा वीज बंद करणं हे त्यांच्याच माणसांचं काम. काठीने तार वर ढकलून गाडी काढणं यातून माणसं मरतात. पुलाखालची उंची लिहिलेल्या पाटीवर विसंबू नका. रस्त्यावर नवा डांबराचा थर चढला की पाटी तशीच राहते आणि उंची कमी होते. रस्त्याच्या दोन्ही कडांना आणि मध्ये, तीन ठिकाणी मोजा. कमानीचा पूल असेल तर मालाच्या वरच्या दोन कोपऱ्यांची जागा धरून मोजा, कारण मध्ये मोकळं दिसतं आणि कोपरा घासतो.

वळणं. स्थिर मागच्या ॲक्सलचा लोबेड घ्या. किंगपिनपासून (ट्रेलर पुलरला जोडणाऱ्या खिळीपासून) मागच्या ॲक्सलपर्यंत १२ मीटर अंतर. किंगपिन २० मीटर त्रिज्येने फिरत राहिली तर मागची चाकं १६ मीटर त्रिज्येवर फिरतात. म्हणजे तब्बल चार मीटर आत. लहान, काटकोनी वळणात हे थोडं कमी भरतं, पण आतल्या बाजूचा दिव्याचा खांब किंवा गटाराचं झाकण त्याच पट्ट्यात असतं. हायड्रॉलिक ट्रेलरची सगळी चाकं वळतात, म्हणून तो कमी आत कापतो. त्याचं दुखणं वेगळं: मागे बाहेर आलेला माल वळणाच्या बाहेरच्या बाजूला झाडूसारखा फिरतो. चाकांची जागा जमिनीवर मोजा आणि मालाची जागा मालाच्या उंचीवर मोजा. दुभाजक ओलांडून जाणारा माल पलीकडच्या पाटीला लागतो तो याच चुकीमुळे.

संगणकावर वळणं आखण्याची सोय असली तरी एक जुनी पद्धत अजून हाताशी ठेवावी. वळणाचा नकाशा १:१०० प्रमाणात काढा, त्याच प्रमाणात पुठ्ठ्याचा पुलर आणि ट्रेलर कापा, टाचणीने जोडा आणि नकाशावरून हळूहळू ढकला. कुठे अडतंय ते ड्रायव्हरला बोटाखाली कळतं. त्या वळणावर काय काढायचं, कुठे भराव टाकायचा, कुठे मागे घेऊन पुन्हा वळायचं, हे तिथेच ठरतं.

उंचवटे. रेल्वे फाटक, पुलाची सुरुवात, गतिरोधक. लांब ट्रेलर उंचवट्यावर आला की मधले सिलिंडर दबतात आणि टोकांचे लांब होतात. किती, ते सोपं आहे: लांबीचा वर्ग भागिले उंचवट्याच्या त्रिज्येच्या आठपट. २० मीटर ट्रेलर आणि २०० मीटर त्रिज्या असेल तर २५ सेंटिमीटर. ३० मीटर ट्रेलर त्याच उंचवट्यावर ५६ सेंटिमीटर मागतो, म्हणजे सिलिंडरची जवळपास पूर्ण ६०० मिलिमीटर धाव. तिथे टोकाची चाकं हवेत लोंबू लागतात आणि सगळा भार मधल्या लाइनवर येतो. अशा जागी आधी-नंतर खडी टाकून उतार लांबवावा लागतो.

पूल. लहान मोऱ्यांकडे लोक दुर्लक्ष करतात आणि मोठ्या पुलाची काळजी करत बसतात. लहान मोरीवर ॲक्सलचा पूर्ण गट एकाच वेळी येतो, जुन्या दगडी मोरीवर भरावही थोडाच असतो. पुलाच्या अभियंत्याला केवळ एकूण वजन पाठवू नका. प्रत्येक लाइनवरचं वजन, लाइनमधलं अंतर, टायरची रुंदी आणि पुलरच्या ॲक्सलची अंतरं असा पूर्ण आराखडा द्या. अनेकदा ट्रेलरमध्ये दोन-चार लाइन वाढवून किंवा पुलर आणि ट्रेलरमध्ये लांब ड्रॉबार (जोडणारा दांडा) टाकून एका वेळी गाळ्यावर येणारा भार कमी करता येतो. पूल ओलांडताना पाच किलोमीटरच्या आत वेग, पुलाच्या मध्यरेषेवरून, पुलावर दुसरं एकही वाहन नको, आणि मध्ये गिअर बदलायचा नाही, ब्रेक लावायचा नाही. धक्का नसेल तर पुलाला फक्त वजन झेलावं लागतं, आदळणं नाही.

रस्त्याखालच्या गोष्टीही नोंदवा: मॅनहोल, पाण्याची पाइपलाइन, नुकतंच खोदून बुजवलेलं चर. बुजवलेल्या चराची माती दबलेली नसते आणि एका बाजूची चाकं त्यात गेली की ट्रेलर कलतो. तिथे २० ते २५ मिलिमीटरच्या लोखंडी प्लेट टाका, पण चराच्या दोन्ही कडांवर प्लेट किमान अर्धा मीटर टेकली पाहिजे.

परवानगीच्या अर्जात हीच मापं जातात. आराखड्यात उंची चालू स्थितीतली लिहा, ट्रेलर पूर्ण खाली बसलेला नव्हे. माप चुकलं तर वाटेत तपासणीत गाडी अडते, आणि अशी गाडी वळवायला जागा नसते.

लोडिंग आणि लॅशिंग (माल बांधणं)

ट्रेलर सपाट, दबलेल्या जमिनीवर उभा करा. चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. पाटावर आधी रबरी मॅट, मग सुके, गाठ नसलेले लाकडी स्लीपर, वर माल. ओलं किंवा तेल लागलेलं लाकूड नको. माल टेकताना प्रत्येक गटाचा दाब लिहून घ्या. हिशेबाने जो यायला हवा त्यापेक्षा मागचा दाब दहा टक्क्यांनी जास्त दिसला तर माल मागे बसलाय किंवा वजनच चुकलंय. दोन्हींपैकी काय ते कळेपर्यंत क्रेनचा हुक सोडू नका.

आता साखळ्या. युरोपातलं ईएन १२१९५-१ हे मानक पुढच्या दिशेने वजनाच्या ०.८ पट, मागे आणि बाजूंना ०.५ पट बल धरायला सांगतं. १२० टनांसाठी पुढे ९६ टन. यातलं काही घर्षण अडवतं, उरलेलं साखळ्या. १३ मिलिमीटरची ग्रेड ८० साखळी साधारण १० टन लॅशिंग क्षमतेची असते. ती जमिनीशी ३५ अंश आणि गाडीच्या लांबीशी ३० अंश कोनात बांधली तर पुढच्या दिशेला त्यातले ७.१ टनच कामी येतात. वरून खाली ओढल्यामुळे घर्षण वाढतं, तेवढी भर पडते. खाली काय आहे यावर संख्या किती बदलते ते पाहा.

लोखंडावर लोखंड, घर्षण ०.१५ धरलं: घर्षण १८ टन अडवतं, ७८ उरतात, पुढे जाण्याविरुद्ध १० साखळ्या. लोखंड आणि मध्ये लाकूड, ०.३ धरलं: ३६ अडले, ६० उरले, दोन्ही बाजू सारख्या ठेवून ८ साखळ्या. रबरी मॅट, ०.४५ धरलं: ५४ अडले, ४२ उरले, ६ साखळ्या. मॅट हा लॅशिंगचा सगळ्यात स्वस्त भाग आहे आणि चिखल किंवा तेल लागलं की तो सगळ्यात आधी निकामी होतो. म्हणून पाट झाडून, पुसून मगच मॅट टाका.

लाकडाच्या उदाहरणात मागच्या दिशेला आणखी ४ साखळ्या पुरतात. अशा बारा साखळ्यांपैकी सहा एका बाजूला येतात आणि त्यांचा तिरका ओढा बाजूच्या २४ टनांना सहज पुरून उरतो. मात्र साखळ्या जोडीने, समोरासमोर, सारख्या कोनात असाव्यात. एक साखळी आखूड आणि ताठ, दुसरी लांब आणि लवचिक असेल तर झटका आखूडच खाते आणि तीच आधी तुटते. साखळी आणि रुंद पट्टा एकाच दिशेला मिसळून वापरू नये तेही याचसाठी: पट्टा ताणला जाईपर्यंत साखळीने सगळं सोसलेलं असतं.

साखळी बांधण्याची जागा ड्रॉइंगमध्ये दाखवलेली असते. नोझल, पाइप, शिडीचे ब्रॅकेट, रेडिएटरचे फ्लँज हे कधीच नाहीत. उचलण्याचा लग वर ओढायला बनवलेला असतो, बाजूला ओढला तर वाकू शकतो, म्हणून बनवणाऱ्याला विचारून वापरा. धारदार कोपऱ्यावर कोपरा-रक्षक लावा. जी साखळी दहा टक्के झिजली, जिची कडी ताणली गेली किंवा चिरली, ती बाजूला काढा. टर्नबकल (साखळी ताणणारा स्क्रू) आवळल्यावर हँडल तारेने बांधून ठेवा. कंपनांनी ते आपोआप सैल होतं.

गोल व्हेसल सॅडलवर बसवताना सॅडल आधी ट्रेलरला पक्के करा. व्हेसलवरून जाणाऱ्या साखळ्या आवळल्या आणि सॅडल मोकळेच राहिले, तर व्हेसल सॅडलसकट सरकते. ट्रान्सफॉर्मर तेलाशिवाय, आत कोरडी हवा किंवा नायट्रोजन भरून जातो. त्याचं प्रेशर गेज निघताना, दर मुक्कामाला आणि पोहोचल्यावर लिहा, इम्पॅक्ट रेकॉर्डर (बसलेले धक्के नोंदवणारं यंत्र) चालू असल्याची खात्री करा. एक्सकॅव्हेटर लोबेडवर असेल तर बूम टेकवून, स्विंग लॉक घालून, बकेट वेगळी बांधून, दोन्ही ट्रॅकच्या पुढे-मागे साखळ्या. इंजिन बंद केल्यावर हायड्रॉलिकचा दाब सोडा, नाहीतर तापमान बदललं की बूम हळूहळू हलते आणि साखळ्या ढिल्या होतात.

चढ, उतार आणि पुलर

पुलरची हॉर्सपॉवर हा अर्धाच प्रश्न. ओढ जमिनीवर टेकलेल्या चाकांच्या वजनातून येते. ट्रेलर १६० टन आणि बॅलास्ट (पकड वाढवायला ठेवलेलं जादा वजन) भरलेला पुलर ४० टन, एकूण २००. सपाट डांबरावर चाकं फिरण्याला होणारा विरोध २ टक्के धरला तर ४ टन. ६ टक्के चढाला आणखी १२. एकूण १६ टन ओढ हवी. पुलरच्या इंजिनाने फिरणाऱ्या ॲक्सलवर २६ टन असतील तर कोरड्या रस्त्यावर ०.६ च्या पकडीने १५.६ टन मिळतात. म्हणजे कोरड्यातही चाक घसरणार. दुसरा पुलर जोडला की एकूण २४० टन, लागतात १९.२ टन, मिळतात ३१.२. ओल्या रस्त्यावर पकड ०.४ वर आली की दोघांचे मिळून २०.८ टन उरतात. इतक्या बारीक फरकावर चढात थांबून पुन्हा सुटता येत नाही. पाऊस थांबेपर्यंत खालीच उभं राहा किंवा तिसरा पुलर आणा.

दोन पुलर असतील तर सुरुवातीला पुढचा ताण घेतो, मग मागचा ढकलतो. उलट झालं तर ड्रॉबार मोकळा राहतो आणि पुढच्याने अचानक ओढल्यावर झटका साखळ्यांवर जातो. वळणात मागच्याने जोर कमी करायचा. तिथे ढकललं तर ट्रेलरचं मागचं टोक बाहेर सरकतं.

उतार जास्त धोक्याचा. वरचा २४० टनांचा ताफा ६ टक्के उतारावर धरून ठेवायला सतत साडेनऊ टनांच्या आसपास अडवणूक लागते. ताशी १० किलोमीटरला ती उष्णता सुमारे २६० किलोवॉट, ३० किलोमीटरला सुमारे ७८५. तेवढी ब्रेकच्या ड्रमात गेली तर ते तापून पकड सोडतात. म्हणून गिअर उतार सुरू होण्याआधी खालचा, रिटार्डर (ब्रेक न लावता वेग रोखणारी यंत्रणा) चालू, मागचा पुलर जोडलेलाच आणि तोही रोखणारा. उतारात गिअर न्यूट्रलला येता कामा नये. मध्ये थांबायची जागा आधी ठरवून तिथे ड्रमचं तापमान दूर धरलेल्या थर्मामीटरने पाहा. एक चाक इतरांहून फार गरम असेल तर त्याचा ब्रेक अडकलाय. फार गार असेल तर तो कामच करत नाही.

चालताना

पुढच्या पायलट गाडीवर मालाच्या उंचीपेक्षा १० सेंटिमीटर जास्त उंच, लवचिक फायबरची काठी हवी. ती कुठे टेकली तर ट्रेलर थांबतो, माणूस उतरून मोजतो, मगच पुढे. मागच्या पायलटने वाहनांना कधी पुढे जाऊ द्यायचं ते ट्रेलरच्या ड्रायव्हरला विचारून ठरवावं. वॉकीटॉकीवर "थांबा" हा शब्द कुणीही उच्चारू शकतो आणि त्यानंतर गाडी थांबतेच. का थांबायचं ते नंतर विचारायचं. ट्रेलरची मागची चाकं वळवणाऱ्या स्टिअरिंगवर बसलेल्याला ड्रायव्हर दिसत नसतो. म्हणून "डावीकडे" म्हणजे गाडीच्या डावीकडे हे निघण्याआधी सगळ्यांनी एकदा मोठ्याने म्हणून घ्यावं.

पहिला थांबा निघाल्यावर १०-१५ किलोमीटरवर. लाकूड बसतं, मॅट दबते, साखळ्या ढिल्या होतातच. पुन्हा आवळा. नंतर दर दोन तासांनी: साखळ्या, टायर, दाबाची नोंद. एका गटाचा दाब हळूहळू उतरत असेल तर गळती आहे. ट्रेलरखाली जाऊन शोधण्याआधी माल सेफ्टी स्टँडवर किंवा स्लीपरच्या थप्पीवर टेकवा. जुळ्या टायरमध्ये खडी अडकली की दोन्ही घासून तापतात. ती चालताना दिसत नाही, थांबल्यावर वासाने कळते. पवनचक्कीच्या पात्यासाठी वाऱ्याची मर्यादा बनवणाऱ्याने दिलेली असते. ती ओलांडली की मोकळ्या माळावर नाही, आडोशाला थांबा.

उतरवताना

जिथे उतरवायचं तिथली जमीन आधी तपासा. ट्रेलरची चाकं भार पसरवतात, जॅकचा पाय पसरवत नाही. १२० टन चार थप्प्यांवर घेतले आणि एका थप्पीच्या तळाशी एक चौरस मीटर जागा असली, तर तिथे ३० टन प्रति चौरस मीटर. जमीन त्याला टिकणारी नसेल तर खाली लोखंडी प्लेट आणि आडव्या स्लीपरची रुंद थप्पी रचा.

साखळ्या सोडण्याआधी गुरुत्वमध्याची खूण पुन्हा पाहा. प्रवासात माल सरकला असेल तर ती ट्रेलरच्या खुणेपासून हललेली दिसेल. असं झालं तर साखळ्या एकदम सोडू नका. माल जॅकवर किंवा क्रेनवर घेऊन, वजन हातात आल्यावर एकेक सोडा. क्रेन माल उचलू लागली की टायरवरचा भार जातो, पण सिलिंडरमधला दाब ट्रेलरचा पाट वर ढकलत राहतो. त्यामुळे माल थोडा उचलायचा, ट्रेलरचं तेल सोडून पाट खाली घ्यायचा, पुन्हा थोडा उचलायचा. थप्प्यांवर उतरवायचं असेल तर काम याच्या उलट: दोन्ही बाजूंच्या थप्प्या मालाला टेकेपर्यंत भरा, मग चारही गटांतलं तेल सारख्याच वेगाने सोडत पाट खाली आणा. एक माणूस प्रत्येक थप्पीपाशी, एक गेजपाशी. मालाच्या तळापासून पाट पुरता सुटला, आरपार उजेड दिसला आणि कुठेही मॅट चिकटलेली नाही याची खात्री झाली, की ट्रेलर सरळ रेषेत, चालण्याच्या वेगाने बाहेर काढा.